ड्रॉइंगमधले ए, बी, सी: जॉब बसवायचा कशावर ते आधी वाचा

आमच्याकडे आयटीआय झालेलं नवीन पोरगं आलं की मी त्याला पहिल्या दिवशी एक फ्लँज हातात देतो. खिडकीत ठेवलाय, दिसायला एकदम स्वच्छ, फेस चकाचक, सहा होल गोलावर सारख्या अंतराने मारलेली. त्याला म्हणतो व्हर्निअर घे आणि सांग यात काय चुकलंय. अर्धा तास जातो, सगळे साइज ड्रॉइंगप्रमाणे येतात, काही सापडत नाही. तरीही तो फ्लँज रिजेक्ट आहे, आणि त्याच्यासोबतचे अकरा पण रिजेक्ट झाले होते.

कुडाळच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांचे शाफ्ट, बुश, कपलिंग येतात, आणि बाकी वर्षभर बाहेरच्या कंपन्यांचं जॉबवर्क. ते बारा फ्लँज अशाच एका बाहेरच्या ऑर्डरचे. मध्ये ४० एमएमचा बोअर (आरपार भोक), १०० च्या पीसीडीवर, म्हणजे १०० व्यासाच्या वर्तुळावर, सहा होल, आणि होलांच्या टॉलरन्सच्या, म्हणजे किती सूट त्याच्या, चौकटीत लिहिलेलं पोझिशन ०.२, पुढे ए, पुढे बी. ए म्हणजे फेस, बी म्हणजे बोअर. मी काय केलं, मिलिंगवर जॉब बांधला, ओडीला, म्हणजे बाहेरच्या गोल कडेला, डायल (सुईने फरक दाखवणारं गेज) फिरवून सेंटर काढला आणि होल मारली, कारण ओडी मोठा, हाताशी, डायल लावायला सोपा. आता तो ओडी आणि बोअर एकाच सेटिंगमध्ये झालेले नव्हते, नंतर मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणारा दांडा) घेऊन बघितलं तर ओडी डायलवर ०.३० दाखवत होता म्हणजे दोघांचे सेंटर ०.१५ ने बाजूला. होल ओडीच्या हिशोबाने अगदी बरोबर होती, बोअरच्या हिशोबाने ०.३० बाहेर (पोझिशन व्यासात मोजतात म्हणून ०.१५ ची दुप्पट), आणि परवानगी होती ०.२ ची.

ही चूक मोजमापाची नव्हती, वाचण्याची होती. म्हणून हा लेख. डेटम कसा वाचायचा हे कॉलेजात एका तासात उरकतात, चौकोनातलं अक्षर म्हणजे डेटम, परीक्षेत दोन मार्क, संपलं. पण शॉपमध्ये उभं राहिल्यावर त्या अक्षराचा अर्थ एकच असतो, हा जॉब मोजायच्या आणि बांधायच्या आधी कशावर टेकवायचा. मी शिकलो त्या मिस्त्रींचं एक वाक्य होतं, ड्रॉइंग हातात घेतलं की पहिलं हेच म्हणायचे, "आधी ह्यो जॉब बसता खंय तां बघ, मगे आकडे वाच."

डेटम म्हणजे नक्की काय

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, बघितली असेल. ती समुद्रसपाटी कुठे आहे? आपण किनाऱ्यावरची माणसं, आपल्याला माहितीय पाणी कधीच सपाट नसतं, सकाळी जेट्टीच्या पायऱ्या बुडालेल्या आणि दुपारी खाली चिखल. तरी सगळ्या देशाने वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून एक सरासरी पातळी ठरवली आणि तिला शून्य धरलं. ती पातळी कुठे हाताला लागत नाही, पण सगळ्या उंच्या तिच्यावरून. डेटम तसाच, तो मनातला अचूक प्लेन असतो किंवा अचूक सेंटर लाइन. जॉबवरचा खरा फेस, ज्याच्यावर टूलच्या रेघा आहेत, कुठे दोन-चार मायक्रॉन खड्डा आहे, तो डेटम फीचर. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोघांना जोडायला तिसरी लागते, सरफेस प्लेट, मँड्रेल, चक, गेज पिन, म्हणजे खऱ्या फेसला जिथे टेकवून आपण मनातला प्लेन प्रत्यक्षात उतरवतो.

आणि बंदरातलाच अजून एक दाखला. सागरी नकाशावर जी पाण्याची खोली छापलेली असते ती त्या समुद्रसपाटीवरून नसते, ती चार्ट डेटमवरून असते, म्हणजे खूप खालच्या ओहोटीच्या जवळची पातळी. आपल्याकडे त्यासाठी जी पातळी वापरली गेली तिला इंडियन स्प्रिंग लो वॉटर म्हणतात, चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने भारतातल्या भरती-ओहोटीचा अभ्यास करताना ती मांडली. नकाशात ३ मीटर असेल आणि त्या वेळची भरती २ मीटर असेल तर खाली ५ मीटर पाणी. पण ती ३ मीटर खोली समुद्रसपाटीवरून मोजलेली असेल, भरती मात्र चार्ट डेटमवरून, आणि कोणी हाच हिशोब केला तर होडी रुतणार. आकडा तोच, शून्य वेगळं. माझ्या फ्लँजचं हेच झालं.

पहिलं काम: टायटल ब्लॉक वाचा

खाली उजव्या कोपऱ्यातला चौकोन नवीन माणूस सोडूनच देतो. तिथे लिहिलेलं असतं ड्रॉइंग कुठल्या स्टँडर्डने वाचायचं. अमेरिकन कंपनीचं असेल तर एएसएमई वाय १४.५ आणि पुढे साल, १९९४, २००९ किंवा २०१८. युरोपियन किंवा बरीचशी भारतीय असतील तर आयएसओ, त्यात भूमितीय टॉलरन्ससाठी ११०१ आणि डेटमसाठी ५४५९. सालाला महत्त्व आहे. उदाहरण सांगतो, एएसएमईने २०१८ च्या आवृत्तीत कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री ही दोन चिन्हं काढून टाकली, आयएसओमध्ये ती अजून आहेत. जुनी ड्रॉइंगं अजून फिरतात, १९८२ च्या पद्धतीची, त्यात त्रिकोण नसतो, नुसत्या चौकटीत अक्षराच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ असते. पोरांना वाटतं काहीतरी वजाबाकीचं आहे. तो डेटमच आहे.

तिथेच प्रोजेक्शनचं चिन्ह पण बघून घ्या, म्हणजे जॉबच्या कुठल्या बाजूचं चित्र कागदावर कुठे काढलंय ते. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगल. हे उलटं वाचलं तर डावी बाजू उजवी होते आणि डेटम बी चुकीच्या बाजूला जातो, मग पुढचं सगळंच गेलं.

दुसरं काम: त्रिकोण शोधा, आणि तो नेमका कुठे टेकलाय ते बघा

इथे मी जरा थांबणार आहे कारण इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. डेटमचं चिन्ह म्हणजे चौकोनात अक्षर, त्यातून निघालेली रेघ आणि टोकाला त्रिकोण, भरलेला किंवा पोकळ, दोन्ही एकच. अक्षरांमध्ये आय, ओ आणि क्यू वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून.

आता समजा १२ एमएम रुंदीचा एक स्लॉट आहे. त्रिकोण जर १२ च्या डायमेन्शन लाइनच्या बरोबर समोर, त्याच रेषेत लावलेला असेल तर डेटम आहे स्लॉटचा मधला प्लेन, म्हणजे दोन्ही भिंतींच्या मधोमध, जिथे खरं तर हवा आहे. आणि तोच त्रिकोण डायमेन्शन लाइन सोडून बाजूला, एका भिंतीच्या रेघेवर लावला असेल तर डेटम आहे फक्त ती एक भिंत. कागदावर फरक असतो चार-पाच एमएमचा. जॉबवर फरक असा की पहिल्या केसमध्ये तुम्हाला स्लॉटमध्ये घट्ट बसणारा ब्लॉक किंवा स्लिप गेज घालून मध्य काढायचाय, आणि दुसऱ्यात एका भिंतीला पिन टेकवून काम होतं. होलाच्या किंवा शाफ्टच्या व्यासाच्या आकड्याला चिन्ह जोडलेलं असेल तर डेटम म्हणजे त्याची सेंटर लाइन. म्हणून मी पोरांना भिंग देतो आणि सांगतो, ड्रॉइंगची झेरॉक्स काढ, ए लाल पेन्सिलने रंगव, बी निळ्या, सी हिरव्या, पण रंगवायच्या आधी फेस रंगवायचा की सेंटर लाइन ते ठरव. दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं मी कधी मोजत नाही.

तिसरं काम: चौकट डावीकडून उजवीकडे

टॉलरन्सची चौकट एका वाक्यासारखी वाचायची. पहिल्या घरात चिन्ह, काय बघायचं ते. दुसऱ्यात किती सूट. आणि मग अक्षरं, कशावरून बघायचं. अक्षरं नसली तर घाबरू नका, फ्लॅटनेस, स्ट्रेटनेस, गोलाई आणि सिलिंड्रिसिटी या चौघांना डेटम लागतच नाही, कारण ते त्या फेसचं स्वतःचंच रूप तपासतात. पॅरलल, काटकोन, रनआउट (जॉब फिरवताना डायल किती हलतो) यांना लागतोच. प्रोफाइल दोन्ही पद्धतीने येतो.

अक्षरांचा क्रम म्हणजे टेकवायचा क्रम. आणि हा क्रम चौकटीतला, बाराखडीतला नाही! चौकटीत सी, ए, बी असं लिहिलं असेल तर पहिला सी. हे का ते एका तराफ्यावरून सांगतो.

पाण्यावर सपाट तळाचा तराफा सोडा. तो सहा प्रकारे हलतो, वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, आणि शिवाय कडेवर डोलतो, पुढचं टोक उचलतो, आणि जागच्या जागी तोंड फिरवतो. होडीवर गेलेल्या कोणालाही हे शिकवायला लागत नाही, पोटाला माहीत असतं. आता ओहोटी लागली आणि तराफा सपाट वाळूवर बसला. वर-खाली बंद, डोलणं बंद, टोक उचलणं बंद. एका बसण्यात तीन हालचाली गेल्या. हा पहिला डेटम, कमीत कमी तीन ठिकाणी टेकतो. पण वाळूवरून तो अजून सरकवता येतो आणि फिरवता येतो. मग त्याची लांब बाजू जेट्टीच्या भिंतीला लावली, आडवं सरकणं आणि फिरणं गेलं, दोन हालचाली, दोन ठिकाणी टेकला. हा दुसरा. उरलं फक्त पुढे-मागे, पुढचं टोक एका खांबाला टेकवलं की तेही गेलं, एकच ठिकाण पुरे. हा तिसरा. तीन, दोन, एक. सहाच्या सहा बंद.

आता क्रम उलटा करून बघा, आणि इथे आकडे घेऊन बघू म्हणजे पटेल. एक ब्लॉक आहे, तळ ए, उभी बाजू बी, दोघांमधला कोन ९० हवा पण मशिनवर ८९.९ आला, म्हणजे बाजू जराशी आत झुकलेली, डोळ्याला कधी दिसणार नाही. त्यात एक होल, बी पासून ६० आणि ए पासून ८० उंचीवर, पोझिशन ०.२. चौकटीत ए पहिला असेल तर ब्लॉक तळावर पूर्ण बसतो आणि बी फक्त खालच्या कोपऱ्याशी टेकते. बी पहिला असेल तर बाजू पूर्ण टेकते आणि तळ त्याच कोपऱ्यावर. ब्लॉक ०.१ डिग्रीने फिरला. कोपऱ्यापासून होल १०० एमएम लांब (६० आणि ८० चा कर्ण), १०० वर ०.१ डिग्री म्हणजे ०.१७५ एमएम. पोझिशन व्यासात मोजतात म्हणून दुप्पट, ०.३५. म्हणजे ए पहिला धरून जे होल शून्यावर बसलं तेच होल बी पहिला धरला की ०.३५ बाहेर, टॉलरन्स ०.२. जॉब एक, होल एक, क्रम बदलला आणि पासचा नापास झाला. क्यूसीवाला (माल तपासणारा) आणि ऑपरेटर तास-तास भांडतात ना "माझ्याकडे बरोबर येतंय" म्हणून, बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या फेसवर बसलेले असतात.

पोझिशनचा हिशोब पण इथेच पाठ करून टाका. एका दिशेची चूक आणि दुसऱ्या दिशेची चूक, दोघांचे वर्ग करून बेरीज, वर्गमूळ, गुणिले दोन. आडवी ०.१० आणि उभी ०.०८ चुकली तर ०.२५६ येतं. नुसतं बघून वाटतं दोन्ही ०.१ च्या आत आहेत, पास. नाही, ०.२ च्या बाहेर.

कधी कधी अक्षरं दोनच असतात, आमच्या फ्लँजसारखी. फेसवर बसला, तीन हालचाली गेल्या, बोअरने मध्य पकडला, आजूबाजूचं सरकणं गेलं, उरलं फक्त गोल फिरणं. सहा सारखी होल आहेत, कुठूनही मोजायला सुरुवात करा, फिरण्याने काही बिघडत नाही म्हणून डिझायनरने तिसरा दिलाच नाही. त्याच फ्लँजमध्ये कीवे (चावीची खाच) असता आणि होल कीवेच्या हिशोबाने हवी असती तर कीवेचा मधला प्लेन सी म्हणून आला असता. ही गोष्ट समजली की ड्रॉइंग पाठ करायला लागत नाही, अक्षर का आहे आणि का नाही हे आपोआप दिसायला लागतं. मला तरी यात अजून मजा येते.

चौथं काम: खरोखर बसवा

कागदावर ए हा अचूक प्लेन आहे, टेबलावर त्याच्यावर बर (कापताना कडेला राहिलेली धार) आहे, चिप चिकटलीय, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर रात्रीत गंज धरतो. खाऱ्या हवेत बिडाची सरफेस प्लेट तेल न लावता झाकून ठेवली तरी सकाळी तांबूस दिसते. म्हणून आधी ऑइल स्टोनने कड मारा, पुसा, आणि मग तळहाताने पुन्हा एकदा फिरवून बघा, कापडाला जे कळत नाही ते हाताला कळतं.

बसवला आणि डुगडुगला तर? म्हणजे फेस मधे फुगलेला आहे. बऱ्याच जणांची सवय असते एका बाजूला क्लॅम्प दाबायचा, डुगडुगणं थांबतं आणि काम चालू. असं करू नका, तुम्ही स्वतःच्या मर्जीने एक बाजू निवडली आणि जॉब वाकडा बसवला. दोन्हीकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून फट सारखी करा आणि मग हलकेच धरा. आणि तो फेस ड्रॉइंगमधल्या फ्लॅटनेसमध्ये आहे का ते आधी तपासा, ए च जर आउट असेल तर पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही. मोजताना क्लॅम्प कमीत कमी, पातळ प्लेट क्लॅम्पने सपाट होते आणि सोडली की परत वाकते, ड्रॉइंगवर वेगळं सांगितलं नसेल तर जॉब मोकळ्या अवस्थेत तपासायचा असतो.

तापमानाचं एका वाक्यात, ड्रॉइंगमधले आकडे २० डिग्रीचे असतात, आपल्याकडे मे महिन्यात शेडखाली ३४ सहज असतं, स्टीलच्या १०० एमएमला त्यात साधारण १६ मायक्रॉन वाढ होते, स्टीलचं स्टीलच्या गेजने मोजलं तर दोघं बरोबरच वाढतात पण अॅल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट वाढतं.

शाफ्टचं वेगळं: ए आणि मधे रेघ आणि बी

होडीचा शाफ्ट घ्या. एका टोकाला पंख्याचा टेपर आणि कीवे, दुसऱ्या टोकाला कपलिंग, आणि मधे दोन जागा जिथे तो बुशमध्ये फिरतो. चौकटीत एकाच घरात ए, आडवी रेघ, बी असं लिहिलेलं असतं. हे पहिला ए, दुसरा बी असं नाही. दोन्ही मिळून एक डेटम, दोन्ही बुशच्या जागांमधून जाणारी एकच सेंटर लाइन, दोघांचा मान सारखा.

का दोन? समजा फक्त ए दिला आणि ती जागा २० एमएमच लांब आहे. एवढ्याशा जागेवरून सेंटर लाइन काढताना ०.०१ एमएमचा तिरकेपणा आला, तर ६०० एमएम लांब टेपरपाशी तो ०.३ होतो. छोट्या जागेवरून लांबचं ठरवायचं नाही, गवंडी सुद्धा भिंतीची सरळ रेषा एका चिऱ्यावरून काढत नाही, दोन टोकांना खुंट्या मारून सूत बांधतो.

आता तपासायचा कसा. सोपं असतं म्हणून लोक दोन्ही टोकांच्या सेंटरवर शाफ्ट धरतात आणि टेपरला डायल लावतात. पण सेंटर होल डेटम नाहीयेत! शाफ्ट पाण्यात फिरताना सेंटर होलावर फिरत नाही, बुशमध्ये फिरतो. दोन व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) घ्या, ए आणि बी दोन्ही जागा त्यात बसवा, टोकाला एक स्टॉप द्या म्हणजे पुढे-मागे जाणार नाही, आणि मग हळू फिरवून टेपरवर डायल बघा. सेंटरवर ०.०२ दाखवणारा शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ०.०७ दाखवताना मी बघितलाय, आणि तो तसाच बसवला असता तर होडी थरथरते, बुश लवकर खातो, ग्लँडमधून (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथलं सील) पाणी यायला लागतं, आणि हे सगळं समुद्रात कळतं. एक लक्षात ठेवा, बुशची जागा स्वतःच गोल नसेल तर व्ही-ब्लॉकवर ते पण रीडिंगमध्ये मिसळतं, म्हणून आधी त्या जागेची गोलाई बघून घ्या.

डेटमच्या अक्षरापुढे गोलातला एम

हे पहिल्या वर्षात समजलं नाही तरी चालेल पण दिसलं तर दचकू नका. टॉलरन्सच्या आकड्यापुढे गोलात एम असेल तर होल मोठं झालं की तेवढी सूट वाढते, ते वेगळं. डेटमच्या अक्षरापुढे असेल तर अर्थ असा की डेटमसाठी ठरावीक मापाची गेज पिन चालेल. आपला बोअर ४०.०० ते ४०.०५ आहे, गेजची पिन ४०.०० (बोअरला ए शी काटकोनाचा टॉलरन्स वेगळा दिला असेल तर तेवढं त्यातून वजा). बोअर ४०.०४ आला तर पिनेभोवती ०.०४ मोकळीक राहते, जॉब तेवढा इकडे-तिकडे सरकवून सगळ्या होलांत गेजच्या पिना जातात का बघायचं. सरकतात ती सहा होल एकत्र, एकेका होलाला वेगळी ०.०४ सूट मिळत नाही, ही चूक फार होते. आणि एम नसेल तर मोकळीक शून्य, फुगणारा किंवा बारीक टेपरचा मँड्रेल घालून बोअर घट्ट पकडायचा.

कास्टिंग आलं तर

कच्च्या कास्टिंगवर ड्रॉइंगमध्ये एक गोल दिसेल, मधून आडवी रेघ, खालच्या अर्ध्यात ए१, ए२, ए३. हे डेटम टार्गेट. कास्टिंगचा फेस चिऱ्यासारखा खडबडीत, अख्खा टेकवला तर प्रत्येक जॉब वेगळ्या उंचवट्यावर बसणार. म्हणून डिझायनर सांगतो की पूर्ण फेस नको, या तीन जागांवरच टेकव. तीन दगडांची चूल जमीन कशीही असली तरी डुगडुगत नाही, तसंच. ए ला तीन, बी ला दोन, सी ला एक, फिक्स्चरमध्ये बरोबर त्याच जागी सहा पिना. स्वतःच्या सोयीने पिन दहा एमएम सरकवू नका, पुढे दुसऱ्या शॉपमध्ये हाच जॉब त्याच सहा जागांवर बसणार आहे.

अडलं तर विचारा, आणि कसं बसवलं ते लिहा

काही ड्रॉइंगं खरंच अपुरी असतात. चौकटीत बी आहे आणि अख्ख्या कागदावर बी चा त्रिकोण नाही, किंवा ए असा फेस आहे जो पुढच्या ऑपरेशनमध्ये कापून जाणार आहे. अशा वेळी अंदाजाने ठरवू नका, वय आणि अनुभव कितीही असो. एवढं विचारा, हा पार्ट असेंब्लीत कशाला टेकतो आणि कशाने सेंटर होतो. पार्ट जिथे बसतो तोच बहुतेक वेळा डेटम असायला हवा, आणि उत्तर फोनवर मिळालं तरी लेखी मागून घ्या, ड्रॉइंगच्या कॉपीवर तारीख टाकून चिकटवा.

आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर आकड्यांच्या वर एक ओळ जागा ठेवा. ते बारा फ्लँज आम्ही नवीन मटेरिअल आणून परत केले, या वेळी फेस आणि बोअर लेथवर एकाच सेटिंगमध्ये, मग मिलिंगच्या टेबलावर फेस टेकवून बोअरला डायल, ओडीकडे बघितलंच नाही. रिपोर्टच्या वर लिहिलं, "जॉब फेस ए वर सरफेस प्लेटवर बसवला, बोअर बी मध्ये टेपर मँड्रेल, क्लॅम्प नाही." समोरच्या क्यूसीने तसंच बसवलं आणि त्याचे आकडे आमच्या आकड्यांशी दोन-चार मायक्रॉनच्या फरकाने जुळले. ती ओळ तेव्हापासून आमच्या छापील फॉर्मवरच आहे, नवीन पोरगं पहिला रिपोर्ट लिहितं तेव्हा मी आकडे नंतर बघतो, आधी ती ओळ वाचतो.